चिखलदऱ्याची थंडी आणि डाळीचे वडे

पौषातली थंडी कशी असते ते तुम्हांला सांगायला नकोच! सकाळी पांघरुणातून नाक बाहेर काढवत नाही, नळाचं पाणी हाताला चावतं आणि संध्याकाळचे पाच वाजले की पोटात कावळे ओरडायला लागतात. अशा वेळी घरात कुणीतरी गॅसवर कढई चढवतं. 'चर्र' असा आवाज येतो, खमंग वास सुटतो आणि अभ्यासाच्या पुस्तकातलं लक्ष उडून थेट स्वयंपाकघरात जाऊन बसतं. खरं की नाही?

आज आपण त्या 'चर्र' आवाजाचा माग काढत जरा लांबवर जाणार आहोत. थेट सातपुड्याच्या डोंगरात, चिखलदऱ्याला! नकाशाचं पुस्तक काढा बरं. महाराष्ट्राच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकून बसलेला अमरावती जिल्हा सापडला? त्याच्या उत्तर भागात सातपुड्याची एक रांग पसरली आहे. तिला गाविलगडचे डोंगर म्हणतात. त्या डोंगरांच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदरा आहे. विदर्भातलं हे थंड हवेचं ठिकाण. इथे पावसाळ्यात ढग पाहायला गर्दी होते. पण डाळीचे वडे खायचे असतील तर यावं ते हिवाळ्यातच.

शेतांमधून जाणारा रस्ता

अमरावतीहून एस.टी. निघते ती आधी परतवाड्याला जाते. अंतर सुमारे ५० किलोमीटर. परतवाडा आणि अचलपूर ही अगदी एकमेकांना चिकटलेली जुळी गावं. या रस्त्यावर खिडकीशी जागा मिळाली तर झोपू नका. डिसेंबरच्या अखेरीला दोन्ही बाजूंची काळीभोर जमीन पाहण्यासारखी असते. फुटलेल्या बोंडांची पांढरी कपाशी, मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे पट्टे, अचलपूरच्या बाजूला संत्र्यांच्या बागा, आणि कपाशीच्या ओळींच्या मध्ये माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, शेंगांनी लगडलेली तूर!

तुरीच्या या कोवळ्या दाण्यांना विदर्भात 'सोले' म्हणतात. सोल्यांची भाजी, सोले घातलेला भात आणि सोल्यांची कचोरी हा इकडचा हिवाळ्याचा खास मेवा. शेंगा नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडल्या तरी चार जणांच्या गप्पांत टोपलीभर संपतात. शेवटी समोर नुसता टरफलांचा ढीग उरतो.

पण मला तुम्हांला दाखवायची आहे ती शेंगांपेक्षा वेगळी गोष्ट, आणि ती जमिनीखाली आहे. पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या शेतात मूग किंवा उडीद पेरलेला असेल तर त्यांना विचारून एक रोप मुळासकट हळूच उपटून पाहा. मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतील. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, रोपाला रोगच झाला! पण तो रोग नव्हे. त्या गाठींत जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन वायू रोपाला थेट वापरता येत नाही. हे जिवाणू तो रोपाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. रोप त्यांना साखर देतं, ते रोपाला खत देतात. म्हणून द्विदल धान्यांना खत कमी लागतं आणि पीक निघाल्यावरही जमिनीत काहीतरी शिल्लक राहतं. शेतकरी ज्वारी आणि कपाशीच्या शेतात मूग, उडीद, तूर का घेतात, ते आता लक्षात आलं ना?

याच नायट्रोजनचा उपयोग करून रोप दाण्यांमध्ये प्रथिनं साठवतं. शरीर वाढवणारी, स्नायू बांधणारी ती प्रथिनं! तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं नाव आहेच. १०० ग्रॅम मुगाच्या डाळीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

मुगाची डाळ होते कशी?

मूग हे घाईचं पीक. जूनमध्ये पेरला की ६०–७० दिवसांत तयार! पोळ्याच्या सुमारास शेंगा काळ्या पडतात, तोडणी होते, दाणे वाळवून ठेवतात. पूर्वी घरोघरी ते जात्यावर भरडत. जातं जरा सैल बसवायचं, म्हणजे दाण्याचं पीठ न होता दोन फाका होतात. ही झाली सालीची डाळ. ती भिजवून, चोळून साल काढली की आतली पिवळी डाळ मिळते.

आता हे काम डाळ मिल करते. विदर्भातलं अकोला शहर डाळ मिलसाठी प्रसिद्ध आहे. मिलमध्ये धान्य चाळतात, त्याला तेलाचा किंवा पाण्याचा हात लावतात, वाळवतात आणि मग खरबरीत रुळांमधून काढतात. साल सुटते, दाणा दुभंगतो. तुटलेल्या कण्या आणि टरफलंसुद्धा वाया जात नाहीत. ती 'चुनी' म्हणून गाई-म्हशींच्या पुढ्यात जातात. म्हणजे डाळीच्या दाण्याचा कुठलाच भाग फुकट जात नाही!

घाट चढताना

परतवाडा सोडलं की सपाट प्रदेश संपतो. पुढे सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता, आणि त्यातला बराचसा घाटाचा. सागाची मोठमोठी पानं, वळणावळणांवर खोल दरी, आणि खिडकीतून येणारा वारा जास्त जास्त बोचरा. साधारणपणे १,००० मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. अमरावती शहर सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे. मग चिखलदरा तिच्यापेक्षा किती अंशांनी थंड असेल? काढा गणित! बरोबर, सुमारे पाच अंशांनी. अमरावतीत स्वेटर घालून भागतं, इथे कानटोपी लागते.

या भागाला मेळघाट म्हणतात. घाटांचा मेळ जिथे झाला तो मेळघाट. १९७३-७४ साली देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, त्यांत मेळघाट होता. वाघांइतकीच इथली ओळख म्हणजे कोरकू लोक. त्यांची कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती संताळी, मुंडारी या भाषांची बहीण. इथल्या कित्येक मुलांसाठी पहिलीतली मराठी ही अगदी नवीन भाषा असते. तुम्ही पाचवीत जशी नव्या विषयांना बिचकता, तशी ती पहिलीतच सगळ्याच शब्दांना बिचकतात!

चिखलदऱ्याच्या नावाचीही एक कथा सांगतात. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून हा 'कीचकदरा', आणि त्याचा झाला चिखलदरा. इथला भीमकुंड पाहताना ही कथा ऐकायला मिळतेच. जवळच गाविलगडाचा किल्ला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. ते दिवसही असेच कडाक्याच्या थंडीचे. तोफा डोंगरातून ओढत आणणाऱ्या माणसांचे हात किती गारठले असतील, याची कल्पना इथे उभं राहिल्यावरच येते. इथे आणखी एक नवल म्हणजे कॉफीची झाडं. महाराष्ट्रात ती क्वचितच पाहायला मिळतात.

टपरीवरचा घाणा

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतल्या चौथी-पाचवीच्या मुलांची सहल घेऊन मी इथे आले होते. दिवसभर हिंडून मुलं दमली होती. सूर्य डोंगराआड गेला आणि पाच मिनिटांत अशी थंडी पडली की सगळ्यांचे दातावर दात वाजायला लागले. रस्त्याच्या कडेला एक टपरी होती. एका चुलीवर चहाचं पातेलं, दुसऱ्या चुलीवर कढई. मुलं न सांगता तिथे जाऊन उभी राहिली. वड्यांसाठी नव्हे हं, शेकण्यासाठी! निदान आधी तरी.

टपरीवरच्या काकूंनी परातीतलं वाटण हातात घेतलं, बोटांनी जरासं चपटं केलं आणि कढईच्या कडेने अलगद आत सोडलं. एक, दोन, तीन… एका घाण्यात पंधरा-सोळा वडे! थोड्या वेळाने त्यांनी झाऱ्याने ते उलटले. मुगाच्या सालीचे हिरवट ठिपके असलेले, कडेने तांबूस झालेले, खडबडीत वडे. सोबत मिठात घोळलेली तळलेली मिरची. आमच्यातल्या तिखट न खाणाऱ्यांसाठी एका वाटीत ताकाची कढी.

पहिला वडा तोंडात टाकला तसा एकदम 'कुर्रम' असा आवाज झाला. बाहेरून चुरचुरीत, आतून मऊ, मध्येच दाताखाली येणारा अख्खा धना. नंतर बराच वेळ कुणी बोललंच नाही. चाळीस मुलं एकाच वेळी गप्प बसलेली मी वर्गात कधी पाहिलेली नाहीत!

मी काकूंना विचारलं, "काकू, सोडा घालता का हो? इतके कुरकुरीत कसे होतात?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "सोडा कायले, म्याडम? डाय पीठ होऊ द्यायची नाही. बोटाले कण लागला पायजे. लय बारीक केली का वडा नरम पडते. अन् हिवायात पाणी थंडं रायते, तं डाय लवकर फुगत नाही. उन्हायात तीन घंट्यात भिजते, आता रात्रीच भिजू घालाव लागते."

वऱ्हाडी बोलीत 'डाय' म्हणजे डाळ, 'घंटा' म्हणजे तास, हे तुम्ही ओळखलंच असेल. आणि काकूंनी सांगितलेलं शास्त्रसुद्धा अगदी पक्कं आहे. गार पाण्यात डाळीत पाणी मुरायला जास्त वेळ लागतो. कोमट पाण्यात ते लवकर मुरतं. पुस्तकात न वाचता, वर्षानुवर्षं कढईसमोर उभं राहून मिळवलेलं हे ज्ञान!

बुडबुडे काय सांगतात?

आमच्यातल्या एका मुलीने मोठा छान प्रश्न विचारला, "बाई, वडा टाकल्यावर तेल उकळतं का?"

तुम्हांला काय वाटतं? तेल उकळत नाही. ते बुडबुडे पाण्याचे असतात! भिजलेल्या डाळीत भरपूर पाणी असतं. वडे तळताना तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पाणी तर १०० अंशांच्या आतबाहेरच उकळतं. त्यामुळे वड्याच्या पृष्ठभागावरचं पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर पळतं, आणि त्याचाच तो 'चर्र' आवाज! वाफ जोराने बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. पाणी गेलेला वरचा थर कडक होतो, तांबूस होतो. तेच आपलं कुरकुरीत कवच. डाळ जाडीभरडी वाटलेली असली की वड्याला खूप सारे खडबडीत कोपरे मिळतात आणि जितके कोपरे तितका कुरकुरीतपणा जास्त.

तेल पुरेसं तापलेलं नसेल तर? मग वाफ हळूहळू निघते, कवच वेळेवर बनत नाही आणि वडा तेल पितो. हातात घेतला की बोटं चिकट! आणि तेल फार तापलं असेल तर बाहेरून काळा, आत कच्चा. म्हणून आई आधी वाटणाचा एक कण तेलात टाकून पाहते. तो तळाशी जाऊन लगेच वर आला तर तेल तयार.

आणखी एक गंमत. वडा तळत आला की बुडबुडे कमी होतात, आवाज बारीक होतो. काकू बोलता बोलता नुसत्या आवाजावरून झारा हातात घेत होत्या. कान देऊन ऐका, कढई बोलते!

इथे डाळ शिजत नाही!

'इथे तुझी डाळ शिजणार नाही' असं आपण म्हणतो ना? उंच डोंगरावर हे थोडंसं खरंच होतं. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळतं. चिखलदऱ्याच्या उंचीवर ते सुमारे ९६ अंशांनाच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यातलं पाणी मग कितीही जाळ केला तरी त्याच्या वर तापत नाही, आणि वरणाची डाळ शिजायला वेळ लागतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढवता येतो, म्हणून तिथे ही अडचण नाही. तेलाचं मात्र तसं नसतं. ते डोंगरावरही तळणाला लागेल तितकं तापतं. म्हणजे डोंगरावर वरण रेंगाळलं तरी वडा वेळेवर तयार!

वड्याचे सगेसोयरे

वडा हा काही आजकालचा पदार्थ नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात हत्ती, दागिने, खेळ, गाणी यांबरोबर स्वयंपाकाचाही भाग आहे, आणि त्यात डाळीच्या वड्यांचं, दुधा-दह्यात भिजवलेल्या वड्यांचं वर्णन आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरच्या शेजारचं. अमरावतीला गेलात तर दह्यात बुडवलेला 'गिला वडा' खाऊन पाहा. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या वड्याचा हा धाकटा भाऊच म्हणायचा!

मेळघाटाची सीमा ओलांडून मध्य प्रदेशात गेलं की मुगाच्या वड्यांना 'मंगोडे' म्हणतात. अहमदाबादला ते 'दाळवडा' होतात. दिल्लीच्या थंडीत त्यांच्यावर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी घालून 'राम लड्डू' नावाने विकतात. केरळात चहाबरोबर 'परिप्पुवडा' मिळतो; मल्याळममध्ये परिप्पु म्हणजे डाळ. आणि समुद्रापलीकडच्या मॉरिशस बेटावर? १८३४ सालापासून आपल्या देशातले हजारो मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. तिथे डाळीच्या तिखट वड्याला 'गातो पिमाँ', म्हणजे मिरचीचा केक, असं फ्रेंच नाव मिळालं आहे. माणूस घर सोडून गेला, नाव बदललं, भाषा बदलली. पण डाळ भिजवायची रीत तो विसरला नाही.

घरी करून पाहा

आता आपली कृती. वाटणापर्यंतचं काम तुम्ही करा. तळण्याचं काम मात्र मोठ्यांचंच, यात हट्ट नको!

साहित्य : सालीची मुगाची डाळ पाव किलो, हिरव्या मिरच्या चार-पाच, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, आल्याचा बोटभर तुकडा, एक चमचा जिरे, एक चमचा जाडसर कुटलेले धने, चिमूटभर हिंग, मूठभर चिरलेली कोथिंबीर (विदर्भात हिला 'सांबार' म्हणतात, तेव्हा दुकानात गोंधळू नका!), चवीपुरतं मीठ आणि तळण्यासाठी तेल.

कृती : डाळ दोन-तीनदा धुऊन चार तास भिजवा. थंडी फार असेल तर पाणी कोमट घ्या. वर तरंगणाऱ्या साली काढून टाकल्या तर वडे मऊ होतात. थोड्या ठेवल्या तर चव छान लागते. मग डाळ चाळणीवर ओता आणि पंधरा मिनिटं निथळू द्या. ही पायरी गाळू नका. पाणी राहिलं की वाटण सैल होतं, आणि मग पीठ घालून ते घट्ट करावं लागतं.

निथळलेल्या डाळीतली दोन मोठे चमचे डाळ बाजूला काढा. उरलेली डाळ मिरची, आलं, लसूण, जिरे यांच्याबरोबर पाणी न घालता जाडसर वाटा. मिक्सर सलग फिरवू नका. थांबत थांबत फिरवा. घरात पाटा-वरवंटा असेल तर मग विचारायलाच नको. वाटणात बाजूला ठेवलेली डाळ, धने, हिंग, कोथिंबीर घाला. हाताने पाच मिनिटं खूप फेटा. फेटल्यामुळे हवेचे बारीक बुडबुडे आत अडकतात आणि वडा हलका होतो. पाण्याच्या वाटीत वाटणाचा छोटा गोळा टाकून पाहा. तो तरंगला की झालं!

मीठ अगदी शेवटी, तळायच्या आधी घाला. आधी घातलं की वाटणाला पाणी सुटतं. मग मोठ्यांनी मध्यम आचेवर, एका वेळी थोडेथोडे वडे तळावेत. कढईत गर्दी केली की तेल गार होतं. तळलेले वडे एकावर एक रचू नका. पसरून ठेवा, नाहीतर आतल्या वाफेने कवच मऊ पडतं. उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळणाला वापरू नये.

पाव किलो डाळीचे साधारण पंचवीस छोटे वडे होतात.

वीस ग्रॅम डाळ

पाव किलोचे पंचवीस वडे, म्हणजे एका वड्यात कोरडी डाळ किती? दहा ग्रॅम. दोन वड्यांत वीस ग्रॅम. हा वीस ग्रॅमचा आकडा प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या आम्हां सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शाळेत दुपारी जो पोषण आहार शिजतो, त्यात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरलेलं असतं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम. देशभरासाठी ही योजना १९९५ साली सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून शिजवलेलं जेवणच द्या असा आदेश दिला.

सहलीहून परत आल्यावर आम्ही वर्गात तराजू घेतला आणि वीस ग्रॅम डाळ मोजली. मुलं म्हणाली, "एवढीशीच?" हो, एवढीशीच. मोठ्या चमच्याने दीड चमचा. पण मघाचा आकडा आठवा. या दीड चमच्यात जवळजवळ पाच ग्रॅम प्रथिनं आहेत. भाताबरोबर खाल्ली की त्यांचा गुण आणखी वाढतो, कारण भातात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी असतं ते भातात. आपल्या पणजी-आजींनी वरण-भात ही जोडी उगीच जमवली नाही!

आता मेळघाटाकडे पुन्हा एकदा पाहू. ज्या डोंगरात आपण मजेने वडे खाल्ले, त्याच डोंगरातल्या लहान मुलांच्या कुपोषणाच्या आणि मृत्यूंच्या बातम्या १९९३ साली आल्या आणि सारा महाराष्ट्र हादरला. कुपोषण म्हणजे शरीराला हवं ते अन्न पुरेसं न मिळणं. त्याचं कारण एकच नाही. पावसावरची शेती, कामासाठी गाव सोडून जाणं, दूरचा दवाखाना, खराब रस्ते, आजारपण अशी अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. तिथल्या बैरागड गावी डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे हे दांपत्य वर्षानुवर्षं याच लोकांमध्ये राहून काम करत आलं आहे. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अंगणवाड्या आहेत, शाळांतलं जेवण आहे. परिस्थिती सुधारली, पण मेळघाटातली काळजी अजून मिटलेली नाही.

आणि डाळीचं एक वाईट आहे बघा. महागाई आली की गरिबाच्या ताटातून सर्वांत आधी तीच नाहीशी होते. २०१५ साली तुरीच्या डाळीचा भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेला होता. त्या वर्षी कित्येक घरांत वरण अगदी पातळ झालं. भाताने आणि भाकरीने पोट भरतं, पण मूल वाढण्यासाठी नुसतं पोट भरून भागत नाही.

मी हे सांगतेय ते तुमच्या हातातला वडा काढून घेण्यासाठी नव्हे हं! वडा खा, चांगला चवीने खा. पण शाळेच्या ताटात 'मला वरण नको' म्हणून जे उरतं, त्याच्याकडे एकदा नीट पाहा. पाच मुलांनी वरण टाकलं की शंभर ग्रॅम डाळ गेली. ती डाळ कुणीतरी काळ्या मातीत पेरली होती, मुळांवरच्या इवल्याशा जिवाणूंनी तिला पोसलं होतं, कुणीतरी भरडली होती. आणि घाटावरच्या एखाद्या मुलाला ती नेमकी हवी होती. आई-बाबांनाही एक विनंती. मूल 'वरण नको' म्हणालं तर रागावू नका. आठवड्यातून एकदा डाळीचं रूप बदला. कधी वडे, कधी धिरडं, कधी भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर. कढई दर वेळी चढवायलाच हवी असं नाही.

या रविवारी तीन कामं करा. पहिलं : घरातल्या तराजूवर किंवा शेजारच्या वाण्याकडे जाऊन वीस ग्रॅम डाळ मोजा आणि ती तळहातावर घेऊन पाहा. दुसरं : एका वाटीत गार पाणी, दुसरीत कोमट पाणी घ्या, दोन्हींत सारखीच डाळ भिजवा आणि दर अर्ध्या तासाने एक एक दाणा नखाने दाबून पाहा. कुठली डाळ आधी मऊ झाली ते वहीत लिहा. काकूंचं म्हणणं तुमचं तुम्हांलाच पडताळून पाहता येईल. तिसरं काम तर सगळ्यांत सोपं आहे. वडे झाले की पहिला वडा ज्यांनी तळले त्यांना द्या. तळणारं माणूस नेहमी शेवटी खातं, आणि तोवर वडे गार झालेले असतात!